काठीची सावली आणि वर्गातला पडदा

कोपरखैरण्यातील ज्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते, तिथे जून २०२२ मध्ये भिंतीवर मोठे डिजिटल पॅनल लागले. पहिल्या वर्षी मी ते ज्या पद्धतीने वापरले ती पद्धत चुकीची होती आणि हे माझ्या लक्षात यायला संपूर्ण एक सत्र जावे लागले. तंत्रज्ञान वर्गात आणावे की आणू नये, असा प्रश्न आता माझ्यापुढे नाही. पाठाच्या नेमक्या कोणत्या जागी ते आणावे आणि त्याआधी मुलांच्या हातून काय घडलेले असावे, एवढाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गेल्या काही वर्षांत त्याचे जे उत्तर हाती लागले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

पहिल्या वर्षीची गोष्ट आधी सांगते. आठवीच्या विज्ञानात मानवी शरीर आणि इंद्रिय संस्थांचा पाठ आहे. पॅनलमध्ये हृदयाची अतिशय देखणी चित्रफीत होती. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, रक्त एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात वाहत होते आणि सोबत स्वच्छ मराठीत निवेदन चालू होते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली बावीस मिनिटे मी ती चित्रफीत सलग चालवली. एरवी हा वर्ग गप्प बसवताना घसा कोरडा पडतो, पण त्या दिवशी टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी समाधानाने शिक्षकखोलीत परतले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, फुप्फुसांकडून आलेले रक्त हृदयाच्या कोणत्या बाजूला येते? कुणालाच सांगता आले नाही. मात्र एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या पक्की लक्षात राहिली होती. शरीरात दोन प्रकारचे रक्त असते, एक लाल आणि एक निळे! चित्रफितीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त निळ्या रंगात दाखवले होते. ती केवळ ओळखण्यासाठी केलेली खूण आहे, प्रत्यक्षात ते रक्तही गडद लालच असते, हे सांगण्यासाठी चित्रफीत मध्येच थांबवायला हवी होती आणि ते काम माझे होते. मी थांबवली नाही, कारण मुले इतकी शांत असताना थांबावेसे वाटत नाही. त्या शांततेला मी एकाग्रता समजले होते.

त्यानंतर मी माझ्या दैनिक टाचणात एक ओळ वाढवली. पाठाचे उद्दिष्ट, साधने आणि गृहपाठ यांच्या आधी मी लिहू लागले, ‘मूल कुठे अडते?’ हे उत्तर लिहिता आले नाही, तर त्या पाठाला पॅनल सुरू करायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. आठवड्यातल्या बहुतेक तासिकांना पॅनल बंदच राहते, हे त्यातूनच लक्षात आले. समीकरणे सोडवताना मुले चिन्हाच्या बदलात अडतात. त्याला फळा, खडू आणि मुलाच्या वहीत पाहणारे शिक्षकाचे डोळे पुरतात. भूमितीत मात्र एक जागा अशी आहे, जिथे फळा खरोखरच कमी पडतो.

आठवीच्या पुस्तकात त्रिकोणाचे शिरोलंब आणि मध्यगा हे प्रकरण आहे. मध्यगांसाठी पडद्याची काहीही गरज नाही. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापायचा, बाजूंचे मध्यबिंदू शोधून ते समोरच्या शिरोबिंदूंशी जोडणाऱ्या मध्यगा काढायच्या आणि त्या जिथे मिळतात त्या संपातबिंदूखाली पेन्सिलीचे टोक धरायचे. पुठ्ठा तोल सांभाळून उभा राहतो आणि ते बोटांना जाणवते. शिरोलंबांचे, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबांचे, तसे नाही. शिरोलंब म्हणजे त्रिकोणाच्या पोटातून जाणारी रेषा, अशी मुलांची ठाम समजूत असते, कारण फळ्यावर आम्ही बहुतेक वेळा लघुकोन त्रिकोणच काढतो. विशालकोन त्रिकोण दिला, की मुले पाया वाढवायचे सोडून लंब कसाबसा आत कोंबतात आणि काटकोनाला चक्क वाकवतात. म्हणून आधी गुण्या घेऊन प्रत्येकाला वहीत तीन त्रिकोण काढायला लावले. चुकू दिले, खाडाखोड होऊ दिली. मगच पॅनलवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर उघडून एक त्रिकोण आणि त्याचे तिन्ही शिरोलंब काढले आणि एका मुलीला शिरोबिंदू बोटाने सरकवायला सांगितले. ती सरकवत असताना मी मधेच थांबवले आणि वर्गाला विचारले, ‘हा कोन काटकोन झाला, की संपातबिंदू कुठे असेल?’ प्रत्येकाने वहीत अंदाजाची खूण केली. मग बोट पुढे सरकले आणि तो बिंदू बरोबर काटकोनाच्या शिरोबिंदूवर येऊन बसला. ते आणखी पुढे सरकताच बिंदू त्रिकोणाबाहेर गेला. ‘बाई, बाहेर गेला!’ असे चार-पाच जण एकदमच ओरडले. त्या एका क्षणी जे घडले, ते मला फळ्यावर वीस त्रिकोण काढूनही घडवता आले नसते. मात्र ती खूण आणि त्याआधीची खाडाखोड वगळली असती, तर तो बिंदू बाहेर जाण्याचे नवल कुणालाच वाटले नसते, याचीही मला तितकीच खात्री आहे.

जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचे काम म्हणून २००१-०२ च्या सुमारास तयार केले. विज्ञानातील फेट या संगणकीय प्रयोगांची सुरुवात २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी केली. त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. दोन्ही साधने मोफत आहेत आणि दोन्हींमध्ये मराठी निवडता येते. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे काम केले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आमच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर पोहोचली, तीही तिथल्या शिक्षकांच्या धडपडीमुळे. मला यात एक समान धागा दिसतो. ज्यांना शिकणाऱ्याची अडचण समोर दिसत होती, त्यांनी ही साधने घडवली किंवा वळवली. याउलट आमच्या पॅनलसोबत एका कंपनीचे तयार पाठ आले होते. त्यांचा परवाना दोन वर्षांनी संपला आणि एका सकाळी ते उघडेनासे झाले. शाळेकडे नूतनीकरणाचे पैसे नव्हते. तोपर्यंत माझे काम पेनड्राइव्हमधल्या मोफत साधनांवर येऊन ठेपले असल्यामुळे माझ्या वर्गाचे फारसे अडले नाही. पण ज्या सहकाऱ्यांचे संपूर्ण वर्षाचे नियोजन त्या पाठांवर उभे होते, त्यांचे फार हाल झाले. मला त्याचे आजही वाईट वाटते.

मोफत साधनांनाही मर्यादा आहेत. फेटमध्ये विद्युत परिपथ जोडला, की तारेतून इलेक्ट्रॉनचे गोळे पळताना दिसतात. मुलांना वाटते, इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत धावत जातात म्हणून दिवा लगेच लागतो. प्रत्यक्षात तारेत इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला साधारण एखाद्या मिलिमीटरइतका किंवा त्याहूनही कमी असतो. दिवा लगेच लागतो तो परिपथातील सगळेच इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात म्हणून. हे न सांगता तो प्रयोग दाखवणे म्हणजे निळ्या रक्ताची चूक पुन्हा करणे होय.

आता सावलीबद्दल. २०२३ च्या डिसेंबरमध्ये, २२ तारखेला, आठवीच्या वर्गाला घेऊन मी मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी रोवली. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपायचे आणि लांबी मोजायची, असे ठरले होते. निघण्यापूर्वी मी विचारले, ‘सर्वांत लहान सावली किती वाजता पडेल?’ सगळा वर्ग म्हणाला, बारा वाजता. एका मुलाने तर आदल्या रात्री भावाच्या फोनवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपला विचारूनच ठेवले होते आणि त्यालाही बारा हेच उत्तर मिळाले होते. साडेअकराला सावली १०२ सेंटिमीटर भरली, बाराला ९५. मुलांनी पट्ट्या गोळा करायला सुरुवात केली, कारण त्यांच्या दृष्टीने प्रयोग संपला होता. मी पुढे मोजायला सांगितले. बारा वाजून दहा मिनिटांनी सावली आणखी लहान झाली होती. वीस मिनिटांनी त्याहून लहान. साडेबाराला आणि बारा-चाळीसला ती ९२ वर येऊन टेकली आणि एक वाजता पुन्हा ९३ झाली. ज्या मुलाने फोनला विचारले होते तो अस्वस्थ झाला होता. त्याने पट्टी दोनदा तपासली, काठीला ओळंबा पुन्हा लावून पाहिला आणि मग मला विचारले, ‘बाई, फोन चुकला की आपण चुकलो?’

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. वर्गात आल्यावर सगळ्यांनी आलेख कागदावर बिंदू मांडले. एका गटाचा एक बिंदू रांगेतून उंच उडालेला होता, सगळ्यांचे ९३ असताना त्यांचे ९८. आधी त्यांना वाटले मोजमाप चुकले, पण मग आठवले, की त्याच वेळी कुणाचा तरी पाय काठीला लागला होता. कागदावर हे सगळे झाल्यावर तेच आकडे मी पॅनलवरच्या तक्त्यात भरले आणि वक्र सर्वांना एकत्र दिसला. वक्राचा तळ बारावर नव्हता, तो बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या आसपास होता. मग मात्र स्टेलॅरियम उघडले. हे आकाशदर्शनाचे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवायही चालते, ही आमच्यासारख्या शाळांसाठी मोठी सोय आहे. ठिकाण नवी मुंबई, तारीख २२ डिसेंबर ठेवून मी सूर्य हळूहळू पुढे सरकवला. सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर येतो तेव्हा तो सर्वांत उंच आणि सावली सर्वांत लहान असते, पण बारा वाजता तो त्या रेषेच्या अलीकडेच होता. १२ वाजून ३६ मिनिटांनी तो रेषेवर आला. मग मी ठिकाण बदलून मिर्झापूर केले आणि तिथे बारा वाजण्यापूर्वीच सूर्य रेषेवर येऊन पोहोचला. आपल्या देशाचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, तो रेखांश मिर्झापूरजवळून जातो, आपण साधारण ७३ अंशांवर आहोत आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. साडेनऊ अंशांचा गुणाकार मुलांनीच केला. अडतीस मिनिटे आली. ही दोन मिनिटे जास्त का, असा प्रश्न लगेच आला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे होत राहतो, एवढे मी सांगितले आणि त्यापुढचे नववीसाठी राखून ठेवले.

मिर्झापूरला जाऊन उभे राहणे आमच्या मुलांना शक्य नव्हते. तिथे पडद्याची गरज होती आणि तिथेच तो आला. मैदानातली काठी आधी नसती, तर पडद्यावरचा सूर्य हे एक चित्र ठरले असते आणि तेही मुलांनी शांतपणे पाहिले असते. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल तंत्रज्ञानावरच आहे आणि ते कुणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला आहे. माझ्या वर्गापुरते मी म्हणेन, की अट त्या मुलाच्या प्रश्नाची असावी. त्याला ‘फोन चुकला की आपण?’ असे विचारावेसे वाटले, हे त्या दिवसाचे सर्वांत मोठे फलित होते.

फोनविषयी लिहायचे, तर आमच्या मुलांच्या घरांविषयी लिहावे लागेल. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीत रात्रीपासून गाड्या उतरवणारे अनेक पालक सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतून आलेले आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शहरातील माध्यमिक वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरले. त्या काळात माझ्या बेचाळीस मुलांच्या वर्गातील सतरा-अठरा मुले ऑनलाइन तासिकेला येत. एक मुलगी कधीच येत नसे, पण तिचा गृहपाठ रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास न चुकता येई. मी एकदा तिच्या आईला फोन केला. ‘बाई, फोन एकच हाय. ह्यांच्यासंगं बाजारात जातो. हे सकाळी आले, की तिच्या हातात येतो,’ असे त्या म्हणाल्या. वडील झोपल्यावर ती वहीचे फोटो पाठवत असे. त्यानंतर मी थेट तासिकेवरचा भर कमी केला. आदल्या संध्याकाळी तीन-चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि पुस्तकाच्या पानाचा क्रमांक पाठवू लागले. ते कमी डेटात उतरत असे आणि फोन घरी येईल तेव्हा ऐकता येई. आजही कुठलेही काम फोनवर देताना मी मुदत चोवीस तासांची ठेवते आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना गटात कुणाबरोबर काम करायचे आहे, ते आधी ठरवून देते. याबाबत मी अतिशय आग्रही आहे. घरातल्या फोनच्या संख्येवरून मुलाचे गुण ठरावेत, हे मला कदापि मान्य नाही.

डिसेंबरच्या प्रयोगानंतर मुलांनी विचारले, सावली पूर्ण नाहीशी कधी होईल? आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत आभाळ भरलेले असते आणि मे महिन्यात शाळा बंद. प्रयोग इथेच थांबला असता. परंतु मे महिन्यात आमची निम्मी मुले गावी जातात आणि तेव्हा घरातला फोनही बरोबर असतो. मग ठरले असे, की गावी गेल्यावर घराजवळ एक सरळ काठी उभी करायची, मेच्या पहिल्या आठवड्यापासून रोज साडेबाराच्या सुमारास सावली पाहायची आणि ती सर्वांत लहान होईल त्या दिवशी वरून फोटो काढून वर्गाच्या गटावर टाकायचा. स्टेलॅरियमवरून आम्ही गावागावांच्या तारखा आधीच काढल्या होत्या, पण त्या मी बंद पाकिटात ठेवल्या. मे २०२४ मध्ये निवडणुकीच्या प्रशिक्षणामुळे मी कोपरखैरण्यातच होते. ९ मेला पाटण तालुक्यातून पहिला फोटो आला, ११ ला जावळीतल्या मेढ्याहून आणि १६ ला आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझी स्वतःची काठी बिनसावलीची उभी राहिली. त्या दिवसांत सूर्य रोज साधारण पाव अंश उत्तरेला सरकतो, म्हणजे जमिनीवर जवळपास २८ किलोमीटर. तारखांच्या फरकावरून पाटण आपल्यापासून किती दक्षिणेला आहे, हे जूनमध्ये वर्गातल्या मुलांनी काढले आणि मगच नकाशा उघडून पडताळून पाहिले.

पाटणचा तो फोटो मी वर्गाच्या सूचनाफलकावर लावला आहे. सारवलेले अंगण, मध्ये विटांच्या तुकड्यांनी टेकू दिलेली काठी, काठीच्या बुडाशी सावलीचा एवढासा काळा ठिपका आणि फोटोच्या कडेला आजीचे पाऊल आले आहे. फोटोखाली मुलाने लिहिले होते, ‘बाई, १२ वाजून ३१ मिनिटं. आजी म्हणते अजून एकदा उद्या बघू.’